रिकाम्या भांड्यानं खाल्लेली ऊब

२ फेब्रुवारी

आज पेपरात भन्नाटचा फोटो. तिसरं पान, वरच्या अंगाला, चांगला पोस्टकार्डाएवढा. हातात स्टीलचं भांडं धरून असा हसतोय, जणू घरी नुकतंच बाळ झालंय. वर मथळा : 'वीज घाला शंभर, ऊब मिळवा एकशेबारा?' शेवटचं प्रश्नचिन्ह छापायचं म्हणून छापलेलं.

बायकोनं चहा घेता घेता सगळी बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. मी वाच म्हटलं नव्हतं. वाचून झाल्यावर म्हणाली, "केस अजून काळेभोर आहेत हो यांचे."

"रंगवत असेल."

"रंगवलेले मला कळतात," असं म्हणून तिनं माझ्या डोक्याकडे पाहिलं. मी पेपर काढून घेतला.

भांड्याचं मला काही नाही. अशी भांडी मी आयुष्यभर तपासत आलो, तेच माझं काम आहे. पण फोटोत भन्नाटच्या शेजारी सर उभे आहेत. ऐंशी ओलांडलेले, काठी टेकून, आणि मोकळा हात त्याच्या खांद्यावर. आम्ही दोघं सरांकडे एकाच वर्षी संशोधनाला लागलो. त्याला काहीही दाखवा, 'भन्नाट!' म्हणायचा, म्हणून तो भन्नाट. मी उत्तर दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत काढल्याशिवाय उठायचो नाही, म्हणून मी दशांश. नावं सरांनीच ठेवली. सर पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणायचे, "याला सुचतं, आणि हा तपासतो." पाहुणे हसून त्याच्याशी बोलायला लागायचे.

माझ्या खांद्यावर सरांनी कधी हात ठेवल्याचं आठवत नाही. बसलो बराच वेळ आठवत. नाहीच.

५ फेब्रुवारी

संचालकबाईंनी बोलावून घेतलं. भन्नाटचं भांडं आपल्या प्रयोगशाळेत तपासायचं. संस्थेनं त्याला मागच्या इमारतीत एक खोली वापरायला दिली आहे, ती तात्पुरती. तपासणीत दावा टिकला तर खोली कायमची, शिवाय पद. नाही टिकला तर महिनाअखेरीस रिकामी. त्यानं तर कॉलेजातली पक्की नोकरी या भांड्यापायी केव्हाच सोडली आहे. म्हणजे जे काय आहे ते या तपासणीत.

"कोणाला सांगताय?" मी विचारलं.

"तुम्हालाच. त्यांनीच तुमचं नाव दिलंय. म्हणाले, दुसऱ्या कुणी तपासलं तर मला झोप लागणार नाही."

बघा, काय नाटकी माणूस! मला ठाऊक आहे त्याचा डाव. जुना मित्र आहे, सांभाळून घेईल, असा हिशोब. किंवा बाईंपुढे मोठेपणा मिरवायचा होता. मी होकार दिला.

बायको म्हणाली, "तुम्ही नाही म्हणा."

"का म्हणून?"

"का ते तुम्हाला माहीत आहे."

मला काही माहीत नाही. तिला विचारलं तर म्हणे, भाजी करपतेय.

८ फेब्रुवारी

जगात अशा दाव्यांना तोटा नाही. आमच्या दाराशी वर्षाकाठी दोन-तीन तरी येतातच. एकानं लोहचुंबकाचं चाक आणलं होतं, आपोआप फिरणारं. टेबलाचा पाय जरा जाड वाटला म्हणून वाजवून पाहिला, तर आत बॅटरी. एक गृहस्थ पाण्यावर चालणारं इंजिन घेऊन आले, पण त्यांचं पाणी त्यांच्याच बाटलीतलं लागायचं, आमच्या नळाचं चालायचं नाही.

इतक्या वर्षांत माझ्या काही खुणा ठरून गेल्यात. माणूस फसलेले प्रयोग दाखवतो का? दुसऱ्याच्या हाती यंत्र देतो का? मोजणी जसजशी चोख होत जाते तसतसा त्याचा चमत्कार आकसतो का? आणि 'तुम्हाला पटतच नसेल तर जाऊ द्या' असं म्हणून रुसतो का?

भन्नाटनं आज पेटीभर कागद पाठवले. सगळे फसलेले प्रयोग, तारखांसकट. सोबत चिठ्ठी : 'यंत्र तुझ्याकडे ठेव, हवं तर फोडून बघ.' रुसण्याचं तर नावच नाही. प्रत्येक खुणेवर पठ्ठ्या पास. चीड आली. लबाड असता तर मी त्याला अर्ध्या दिवसात निकालात काढला असता आणि वर दोन घास जास्त जेवलो असतो.

१२ फेब्रुवारी

आज सरांच्या घरी तिघं भेटलो. तपासणीची पद्धत ठरली. पद्धत माझीच, आमच्या धंद्यातली जुनी : भांडी दोन घ्यायची. बाहेरून अगदी सारखी, वजनाला सारखी. एकात त्याची खास धातूची पूड आणि वायू, त्या भांड्याला म्हणायचं 'खरी'. दुसऱ्यात साधी पूड. त्या भांड्याला आम्ही 'रिकामी' म्हणतो. आत काही चमत्कार नाही या अर्थानं रिकामी. दोन्हींना सारखी वीज द्यायची आणि बाहेर आलेली ऊब मोजायची. खरी कुठली ते मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, म्हणजे मनाचे खेळ मध्ये येत नाहीत. रिकामीनं दिलं तेवढंच खरीनं दिलं, तर दावा खलास. खरीनं ठळक जास्त दिलं, तर दावा खरा.

भन्नाटनं दोन्ही भांडी सरांपुढे ठेवली, कुठली कुठली ते त्यांच्या कानात सांगितलं. कानात म्हणजे काय, सरांना ऐकू कमी येतं, भन्नाटला ओरडावं लागणार म्हणून मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. मग त्यालाही बाहेर काढलं. सरांनी एकटं बसून एकाच्या गळ्यात लाल दोरा बांधला, एकाच्या निळा. कुठला दोरा कुणाचा ते कागदावर लिहून पाकीट बंद केलं आणि पाकीट चष्म्याच्या डबीत घडी करून घातलं.

निघताना सर म्हणाले, "दशांश, घाई करू नकोस. मी थांबलोय इतकी वर्षं, अजून थोडा थांबेन."

मला वाटलं माझ्यासाठी थांबलेत. मग लक्षात आलं, भांड्यासाठी.

१६ फेब्रुवारी

भांडी टाकीत बसवली. टाकी म्हणजे माझं जुनं यंत्र. भांड्याभोवती पाणी खेळतं. आत जाणारं पाणी किती थंड, बाहेर येणारं किती कोमट, किती वाहिलं, यावरून ऊब निघते. आमच्या साध्या हीटरला ती शंभराला शंभर दाखवते, फार तर एखादा इकडे-तिकडे. उभ्या शहरात इतकी इमानी टाकी नसेल.

इथे एक गोष्ट लिहून ठेवतो, फक्त इथेच. लाल दोऱ्याची कुठली ते मी ओळखलं.

ओळखणार नाही तर काय! निळीच्या वायरी कारखान्यातल्या ठोकळेबाज. लालची प्रत्येक वायर हातानं वळवलेली, टोकाला दुहेरी गाठ, गाठीवर चिकटपट्टीचे तीन वेढे. ही गाठ भन्नाटची. विद्यार्थी होतो तेव्हा त्याचं ते लाड केल्यासारखं बांधणं बघून सर सगळ्यांना बोलावून दाखवायचे. स्वतःच्या खरीला मांडीवर घेऊन सजवलंय, आणि रिकामी दिली कारखान्यात टाकून. लेकरू आणि शेजाऱ्याचं पोर यातला फरक लपतो होय?

कळलं म्हणून काही बिघडत नाही. आकडे यंत्र काढतं, मी नाही.

२१ फेब्रुवारी

लालच्या पहिल्या फेऱ्या झाल्या. सकाळची फेरी एकशे एक आली. लगेच उठून आजूबाजूला शोधलं. मग पाहिलं तर शेजारच्या खोलीत मोठा पंखा चालू होता, पाणी येतं ती नळी त्या भिंतीला लागून आहे. अशी फेरी धरता येत नाही. रद्द केली, कारण नीट नोंदवलं. दुपारची सत्त्याण्णव. ही ठीक.

भन्नाटला मोजणीच्या खोलीत यायला बंदी आहे, म्हणून तो बाहेर व्हरांड्यात बाकावर बसतो. पहारेकऱ्याशी गप्पा मारतो, त्याच्या मुलीच्या गणिताच्या अडचणी सोडवतो. दोन दिवसांत आख्ख्या मजल्याला त्यानं आपलंसं केलंय. मी इथे पंचवीस वर्षं आहे. त्या पहारेकऱ्याला मुलगी आहे, हे मला आज कळलं.

२६ फेब्रुवारी

निळी चालू. सुरुवातीची फेरी सत्त्याण्णव, पण यंत्र अजून बसायचं होतं, धरली नाही. मग शंभर, मग एकशे एक. आज पंखा चालू होता बहुतेक, पण आकड्यात काही वावगं दिसलं नाही. रिकामी शंभर देणारच. टाकी चोख असल्याचा हा पुरावाच म्हणायचा.

१ मार्च

संचालकबाई व्हरांड्यात उभं राहून भन्नाटच्या विनोदावर हसत होत्या. माझ्याशी बोलताना त्या हसत नाहीत. मीही विनोद करत नाही ही गोष्ट वेगळी. परत टाकीकडे आलो तर लालची फेरी शंभर दाखवत होती. बघितलं, दार उघडं राहिलं होतं. मीच उघडं ठेवलं होतं, हसू कशाचं ते ऐकायला. रद्द.

५ मार्च

भन्नाट आज घरी येऊन गेला. तपासणीबद्दल चकार शब्द नाही, तेवढं पथ्य पाळलं. "वहिनी, याला जरा हसायला शिकवा हो," म्हणाला. बायको म्हणते कशी, "शिकवलं होतं, विसरले." दोघं खिदळले. मी पाणी आणायला आत गेलो, दोनदा गेलो.

गेल्यावर ती म्हणाली, "किती वाळलेत. काळजीत आहेत फार."

"काळे केस आहेत ना अजून, काळजी कसली."

"अहो, तुम्हाला जळतंय."

मी म्हटलं, छे. आणि मग रागानं म्हटलं, हो, जळतंय, मग? नोकरीवर लाथ मारायची, हवेत मनोरे बांधायचे, आणि लोकांनी वर डोक्यावर घ्यायचं! मी तीस वर्षं एक आकडा चुकू दिला नाही, त्याचं कोणी कौतुक केलं? तिनं खिडकी लावून घेतली, शेजारी ऐकतील म्हणून.

१४ मार्च

फेऱ्या संपल्या. दोन्हींच्या सारख्याच घेतल्या. लालच्या जरा जास्त रद्द कराव्या लागल्या, त्याला इलाज नाही. लाल फारच लहरी वागते. प्रत्येक वेळी काही ना काही निघालंच : पंखा, दार, नळाचा दाब.

सरासरी : लाल शहाण्णव. निळी एकशे एक.

काय सांगू, अंगावर मूठभर मांस चढलं. दावा टिकला नाही एवढंच नव्हे, त्याचं लाडकं भांडं रिकामीपेक्षाही मागे! शंभर घालून शहाण्णव देणारं. एवढा मोठा फोटो! अहवालात मी अर्थातच फक्त आकडे लिहिले, लाल इतकी, निळी इतकी, आणि सही केली. बाईंकडे मोहोरबंद दिला. आता त्यात एक टिंबही बदलता येत नाही. नियमच तसा आहे, आधी आकडे द्यायचे आणि मग पाकीट उघडायचं. नियम माझाच.

घरी येताना नवा शर्ट घेतला. उद्या सरांकडे जायचंय.

१५ मार्च

जमेल तसं लिहितो.

सरांची खोली. बाई आलेल्या, भन्नाट आलेला, तोही इस्त्रीचे कपडे घालून. बाईंनी माझे आकडे वाचले. लाल शहाण्णव, निळी एकशे एक, फरक पाचाचा, चुकीच्या शक्यतेपेक्षा कितीतरी मोठा. सरांनी डबीतून पाकीट काढलं, चष्मा लावला, कागद उलगडला.

"निळा दोरा, खरी," सरांनी वाचलं. "लाल दोरा, रिकामी."

मला वाटलं सरांना दिसत नाहीये. मी कागद मागून घेतला. निळा, खरी.

म्हणजे खरीनं रिकामीपेक्षा पाच जास्त दिले. म्हणजे दावा खरा. माझ्या टाकीवर, माझ्या सहीनं, माझ्या नियमानं खरा. सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "दशांशनं मोजलंय," ते बाईंना सांगत होते, "दशांशनं! आता जगात कोण नाही म्हणणार?" बाई म्हणाल्या, खोली कायमची झालीच समजा, पदाचंही बघते. सगळे हसत होते. मीही तोंड पसरलं.

फक्त भन्नाट बोलत नव्हता. आकड्यांचा कागद गुडघ्यावर ठेवून बघत बसला होता. मनात म्हटलं, बघा ढोंग, विनयाचा अवतार! साधं 'भन्नाट' म्हणायलाही तोंड उघडत नाही.

बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, "मग तुम्ही का पांढरेफटक पडलाय?"

१६ मार्च

सकाळीच भन्नाट प्रयोगशाळेत. आता त्याला बंदी नाही. स्टूल ओढून टाकीपाशी बसला.

"एक विचारू? रिकामी शहाण्णव कशी?"

"आली तशी."

"तुझा हीटर टाकीत शंभर दाखवतो. रिकामीत हीटरच आहे, दुसरं काही नाही. मग चार गेले कुठे? रिकामं भांडं ऊब खात नाही, दशांश."

"तुझं काय जातंय?" मी खेकसलो. "तुझी जिंकली ना? खोली मिळाली, पद मिळालं, सर रडले. घे की आणि जा! आता आकड्यांतही तुलाच खोट काढायचीय?"

"माझी जिंकली नाहीये. तुझी रिकामी हरलीये, म्हणून माझी पुढे दिसतेय. एकशे एक म्हणजे काहीच नाही रे, माझ्या टाकीत मला एकशेबारा येत होते."

मी न राहवून विचारलं. "लालच्या वायरी तू का वळवल्यास? ती दुहेरी गाठ? रिकामीला कशाला एवढे लाड?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आहे. "रिकामी मी स्वतः बांधली. खरी कारखान्यातून करून घेतली. रिकामी चोख नसली तर खरीच्या आकड्याला काय किंमत? तूच सांगायचास हे. मी नुसता उड्या मारायचो तेव्हा तू म्हणायचास, आधी रिकामी नीट बांध." मग त्याचा आवाज उतरला. "म्हणजे गाठ बघून तू…"

मी टाकीचा नळ बंद केला. तो चालूच नव्हता.

तो उठला, शांतपणे म्हणाला, "असं करू. मीच बाईंना सांगतो, मला शंका आहे, पुन्हा मोजा. तुझं नाव कुठेच येणार नाही."

१७ मार्च

रद्द केलेल्या सगळ्या फेऱ्या परत धरून बेरीज केली. लालच्या आणि निळीच्या. लाल नव्याण्णव. निळी नव्याण्णव. दशांशाच्या पहिल्या घरातसुद्धा फरक नाही.

सगळं चाळून बघितलं. मी कुठे खोटं लिहिलंय का? नाही. पंखा खरंच चालू होता. दार खरंच उघडं होतं. नळाचा दाब खरंच पडला होता. प्रत्येक कारण खरं होतं. फक्त निळीच्या वेळीही पंखा चालू होता, दार उघडं होतं, आणि तिच्या वेळी मला ते दिसलं नाही. चुंबकाच्या चाकावाल्यानं बॅटरी टेबलाच्या पायात लपवली होती. माझी कुठे होती, ते आता कळतंय.

मी काही केलं नसतं, नुसता यंत्रापाशी पेंगत बसलो असतो, तर त्याचा दावा आपोआप पडला असता. बरोबर मीच ठरलो असतो. माझ्या जळण्यानंच त्याला जिंकवलं. बायकोला हे सांगितलं तर ती आधी हसली, मग तिनं माझा हात धरला.

"मग आता?"

"तो म्हणतोय तो सांगेल. मला सांभाळून घेईल."

"बरंच झालं की."

"काय बरं झालं? म्हणजे खोली सोडून देणारा प्रामाणिक माणूसही तोच! मोठं मनही त्याचंच! सगळं त्यालाच? नाही. हे तरी त्याला मिळू देणार नाही. मी सांगणार. आत्ता जातो."

"जा," ती म्हणाली. "कुठल्या का कारणानं होईना, जा." नवा शर्ट घालू दिला नाही. जुनाच बरा म्हणाली.

१७ मार्च, संध्याकाळ

सरांना सांगितलं. ओरडून सांगावं लागलं. असली गोष्ट ओरडून सांगावी लागणं म्हणजे काय, ते मला विचारा. "सर, मी लालच्या चांगल्या फेऱ्या टाकल्या!" ते म्हणाले, "काय केल्या?" "टाकल्या! मला वाटलं ती त्याची आहे!" समोरच्या घरातल्या बाई गॅलरीत आल्या.

सरांनी चष्मा काढून डबीत ठेवला. बराच वेळ डबी उघड-मीट केली.

"तूच चालशील असं मी का म्हटलं, ठाऊक आहे?" ते म्हणाले. "भन्नाटनं तुझं नाव काढलं, मी लगेच हो म्हटलं. तू त्याच्यावर पहिल्यापासून जळतोस, हे मला दिसत नव्हतं असं वाटलं तुला? म्हटलं, हा त्याला एक कणही फुकट देणार नाही. याच्याकडून जे मिळेल ते खरंच असेल. मला त्याला सांभाळून घेणारा नको होता." ते थांबले. "चुकलं माझं. तुझ्या त्याच जळण्यावर विसंबून बसलो मी."

मी म्हटलं, "सर, तुम्ही मला कधी…" आणि पुढचं ओरडून विचारायचा धीर झाला नाही. सरांनी कानामागे हात धरला. मी म्हटलं, काही नाही.

"पुन्हा मोज," सर म्हणाले. "या वेळी वायरींवर कापड गुंडाळून देतो."

८ एप्रिल

पुन्हा मोजलं. बाईंच्या हुकमानं या वेळी कुठलीही फेरी रद्द करायची नाही असं आधीच ठरलं होतं. पंखा काढून नेला. दाराला कुलूप. भांड्यांना मानेपासून कापड, नुसते दोरे बाहेर. आज पाकीट उघडलं.

नव्याण्णव आणि नव्याण्णव. कुठली कुठली ते सरांनी वाचलं, पण आता कुणाला काय त्याचं.

भन्नाटनं कागद दोनदा वाचला. मग आम्ही दोघं त्याच्या खोलीत गेलो, त्याची घरगुती टाकी बघितली. बाहेर येणाऱ्या पाण्याचा थर्मामीटर गरम भांड्याला जवळजवळ टेकलेला. तो पाणी मोजतच नव्हता, भांडं मोजत होता. एवढंच. दोन बोटं मागे सरकवला तर त्याचे एकशेबारा तिथल्या तिथे उतरले. इतकी वर्षं त्याला ते दिसलं नव्हतं. मला पहिल्या नजरेत दिसलं. पण आजवर मी त्या खोलीत पाऊलच टाकलं नव्हतं. त्यानं बोलावलं होतं, चारदा तरी.

"भन्नाट," तो म्हणाला. पण आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले.

खोली त्याला महिनाअखेरीस सोडायची आहे. बाईंनी माझ्यावरही लेखी ताशेरे ओढलेत, पुढची सगळी तपासणी दुसऱ्याच्या देखरेखीखाली. ठीक आहे. मीही हेच केलं असतं.

पण त्यानं आजच आवरायला घेतलं. सामान खाली न्यायला मी हात दिला. दारात त्यानं पहिल्या खेपेची ती लाल दोऱ्याची, हातानं बांधलेली रिकामी माझ्यापुढे धरली. "ही ठेव तुझ्याकडे. तू मोजणार म्हणून जीव लावून बांधली होती."

सर खाली रिक्षात बसले होते. भन्नाट जवळ गेला तसे ते काठी सोडून उतरले, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. किती तरी वेळ. मी पायरीवर भांडं घेऊन उभा होतो.

घरी आलो. भांडं टेबलावर ठेवलं. बायकोला सगळं सांगितलं : दावा पडला, मी बरोबर ठरलो, त्याची खोली गेली, त्याचं सगळं गेलं, आणि तरी सरांनी हात त्याच्याच खांद्यावर ठेवला.

"आणि ते बघून तुम्हाला काय वाटलं?"

कारणं पुष्कळ होती हाताशी. मी एकही दिलं नाही. "जळलो," म्हटलं.

ती माझ्याशेजारी बसली. "चला," म्हणाली, "हे तरी काही न टाकता मोजलंत." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून चहाचं काय ते विचारलं.